गोठलेल्या नदीवरची जत्रा : थेम्स, नावाडी आणि छापखाना

जत्रा म्हटली की आपल्या मनात आधी तिथी येते आणि तिच्यामागोमाग दैवत. चैत्री पौर्णिमेला जोतिबाचा डोंगर गुलालाने माखतो, कारण ती पौर्णिमा आधीच ठरलेली असते. पालं पडतात, मेवामिठाईची दुकाने लागतात, कुस्त्यांचा फड भरतो, रात्री तमाशाच्या कनाती उभ्या राहतात. या साऱ्या उलाढालीचा आधार पंचांगात असतो. व्यापारी महिनाभर आधी माल भरून ठेवू शकतो आणि नवस फेडणारा वर्षभर आधी मनाची तयारी करू शकतो.

लंडन शहराने मात्र सतराव्या ते एकोणिसाव्या शतकाच्या दरम्यान एक अशी जत्रा अनुभवली, की जिला तिथी नव्हती, दैवत नव्हते आणि पायाखाली जमीनही नव्हती. थेम्स नदी गोठली की तिच्या पात्रावर ही जत्रा भरे आणि बर्फ फुटला की मोडे. इंग्रजीत तिला 'फ्रॉस्ट फेअर' म्हणतात; आपण सोयीसाठी हिमजत्रा म्हणू. १६०८, १६८३-८४, १७१५-१६, १७३९-४०, १७८८-८९ आणि १८१४ या हिवाळ्यांतल्या हिमजत्रा विशेष गाजल्या. १८१४ची शेवटची. त्यानंतर लंडनच्या मध्यभागी ही जत्रा पुन्हा भरली नाही.

हिमजत्रेची चित्रे आज सर्वत्र आढळतात. शुभेच्छापत्रांवर, दिनदर्शिकांवर, बालवाचकांसाठीच्या इतिहासपुस्तकांत ती असतात. पांढऱ्या पात्रावर तंबूंची रांग, घसरणारी मुले, घोडागाड्या, मागे पुलावरची दाटीवाटीची घरे. ही चित्रे पाहणाऱ्याच्या मनात दोन समजुती सहज घर करतात. पहिली, की त्या काळी थंडीच इतकी कडाक्याची होती की नदी गोठणे ओघानेच आले. दुसरी, की शहराने त्या थंडीचे हसतखेळत उत्सवात रूपांतर केले. या दोन्ही समजुती अर्ध्याच खऱ्या आहेत. उरलेले अर्धे कोणत्या कागदांत सापडते, आणि साहित्याने त्यातले काय जपले व काय मागे सोडले, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

आधी बर्फाचे पाहू. त्या शतकांना युरोपच्या हवामानेतिहासात 'लघु हिमयुग' म्हणतात आणि हिवाळे त्या काळी खरोखरच कडक असत. मध्य इंग्लंडच्या तापमानाची १६५९पासूनची मालिका हवामानशास्त्रज्ञ गॉर्डन मॅन्ली यांनी जुन्या नोंदींवरून सिद्ध केली. तिच्यात १६८३-८४चा हिवाळा सर्वांत थंड ठरतो. त्याचे सरासरी तापमान उणे १.२ अंश सेल्सिअस होते. त्याखालोखाल १७३९-४०चा, उणे ०.४ अंशांचा. इथवर चित्राशी जुळते. पण तिसरा क्रमांक १९६२-६३च्या हिवाळ्याचा आहे, उणे ०.३ अंशांचा. शेवटची जत्रा ज्या १८१४ साली भरली, त्या हिवाळ्याची सरासरी शून्याच्या किंचित वरच होती. म्हणजे १९६३चा हिवाळा १८१४पेक्षा थंड होता. तरीही त्या साली थेम्स वरच्या अंगाला काही ठिकाणी गोठली, लंडनच्या मध्यभागी मात्र तिच्यावरून कोणी चालत गेले नाही.

असे का झाले याचे उत्तर आकाशात नसून पुलात आहे. १२०९ साली पूर्ण झालेला जुना लंडन पूल एकोणीस अरुंद कमानींचा होता. त्याच्या दगडी खांबांभोवती संरक्षणासाठी रुंद चौथरे बांधलेले होते. पुढे १५८२पासून काही कमानींत पाणी उपसणारी चाकेही बसली. नदीच्या पात्राचा मोठा भाग अशा रीतीने अडलेला असल्यामुळे हा पूल जवळजवळ बंधाऱ्यासारखा होता. त्याच्या वरच्या बाजूला प्रवाह संथावे, समुद्राच्या भरतीचे खारे पाणी कमी पोचे, आणि वरून वाहत आलेले बर्फाचे तुकडे कमानींत अडकून एकमेकांना चिकटत. थंडी टिकली की त्यांचा एकसंध थर होई. १८३१ साली शेजारी नवा, रुंद कमानींचा पूल खुला झाला आणि जुना पाडला गेला. नंतरच्या दशकांत नदीच्या काठांवर धक्के बांधून पात्र अरुंद केले गेले. त्यांतला व्हिक्टोरिया धक्का १८७० साली खुला झाला. पात्र अरुंद झाले की पाणी वेगाने धावते आणि सहजासहजी गोठत नाही. तेव्हा हिमजत्रेला जागा दिली ती थंडीने आणि वास्तुरचनेने मिळून. हवामानबदलाचा पुरावा म्हणून ही चित्रे दाखवणाऱ्यांनी आणि तो पुरावा खोडून काढू पाहणाऱ्यांनी, दोघांनीही या पुलाची आठवण ठेवायला हवी.

* * *

बर्फावरचे खेळ लंडनला नवे नव्हते. बाराव्या शतकात टॉमस बेकेटचा चरित्रकार विल्यम फिट्झस्टीफन याने शहराच्या उत्तर तटाबाहेरच्या गोठलेल्या दलदलीचे वर्णन केले आहे. तिथली तरुण मुले जनावरांची हाडे पायांना बांधून आणि लोखंडी टोकाच्या काठीने बर्फाला रेटा देऊन बाणासारखी धावत आणि एकमेकांवर आदळून हातपाय मोडून घेत. पोलादी पात्यांचे स्केट आले ते हॉलंडमधून. राजा दुसरा चार्ल्स आणि त्याचे सरदार परागंदा असताना तिकडे राहिले होते. ते परतल्यावर, १ डिसेंबर १६६२ रोजी, सेंट जेम्स बागेतल्या कालव्यावर राजाराणीसमोर स्केटिंगचे प्रदर्शन झाले. सॅम्युएल पेप्स आणि जॉन एव्हलिन या दोन्ही रोजनिशीकारांनी त्या एकाच दिवशी त्याची नोंद केली. पेप्सने ही कला आयुष्यात प्रथमच पाहिली आणि त्याला ती फार मोहक वाटली.

बागेतल्या कालव्यावरचा हा खेळ दरबारी होता. थेम्सवरचा प्रकार वेगळा. ९ जानेवारी १६८४ रोजी एव्हलिन वेस्टमिन्स्टरच्या घाटापासून बर्फावरून चालत पलीकडच्या लॅम्बेथला गेला आणि तिथे आर्चबिशपकडे जेवला. नदीवर पालांच्या गल्ल्या झालेल्या, त्यांत मांस भाजले जात असलेले आणि गाडीघोडे आरपार जात असलेले त्याने पाहिले. २४ जानेवारीच्या त्याच्या नोंदीत खेळांची यादीच आहे : घसरगाड्या, स्केटिंग, बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ, घोड्यांच्या आणि गाड्यांच्या शर्यती, कळसूत्री बाहुल्या, सोंगे, खानावळी, दारूचे गुत्ते. बर्फात खांब रोवून त्याला लांब दोराने बांधलेली घसरगाडी गरागरा फिरवण्याचाही खेळ होता. आपल्या जत्रेतल्या चक्रीपाळण्याचा तो भाऊबंद म्हणता येईल. टेम्पलच्या घाटापासून दक्षिण काठापर्यंत पालांचा जो सरळ रस्ता झाला, त्याला लोकांनी 'टेम्पल स्ट्रीट' असे नावही देऊन टाकले.

इतके वाचून पुस्तक मिटले तर मनात जत्रा उरते. पण एव्हलिनची तीच नोंद पुढे चालू राहते आणि तिचा स्वर एकदम बदलतो. झाडे वीज पडल्यासारखी फुटली आहेत. माणसे आणि गुरे ठिकठिकाणी मरत आहेत. समुद्र बर्फाने इतका कोंडला आहे की जहाजे ये-जा करू शकत नाहीत. राखीव बागांतली हरणे मेली आहेत. सरपण इतके महागले आहे की गरिबांना जिवंत ठेवण्यासाठी वर्गणी काढावी लागते. कोळशाचा धूर थंड हवेत वर न जाता शहरावरच बसून राहिला आहे, रस्त्याच्या पलीकडचे दिसत नाही आणि श्वास घेणे कठीण झाले आहे. नळांना पाणी नाही. दारू गाळणाऱ्यांचे आणि इतर कारागिरांचे काम बंद आहे. लंडनच्या धुरावर एव्हलिनने १६६१ सालीच एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. तेव्हा हे निरीक्षण वरवरचे नाही. हिमजत्रेची वर्णने लिहिताना या नोंदीचा पूर्वार्ध आवर्जून उद्धृत होतो. उत्तरार्ध तितकासा होत नाही. वास्तविक दोन्ही एकाच माणसाने, एकाच दिवसाच्या नावाखाली लिहिले आहेत.

* * *

काम बंद पडलेल्यांत सर्वांत मोठा वर्ग नावाड्यांचा होता. १७५० साली वेस्टमिन्स्टरचा पूल होईपर्यंत लंडन शहराला नदी ओलांडण्यासाठी एकच पूल होता. बाकी सारी ये-जा वल्ह्यांवर चाले. नावाड्यांचे दर सोळाव्या शतकातच कायद्याने बांधून दिलेले होते आणि १५५५ साली त्यांच्या संघाचीही कायद्याने स्थापना झाली. उमेदवारी करून, परवाना मिळवून हा धंदा करावा लागे. दक्षिण काठावरच्या नाटकघरांना प्रेक्षक पोचवणारे हेच लोक. शेक्सपिअरचे नाटक पाहायला उत्तर काठावरून निघालेल्या अनेकांची संध्याकाळ नावाड्याशी भाड्याची घासाघीस करण्यापासून सुरू होत असणार.

या नावाड्यांतून एक लेखक निर्माण झाला, ही साहित्याच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. जॉन टेलर (१५७८-१६५३) हा स्वतःला 'जलकवी' म्हणवून घेई. त्याने दीडशेच्या आसपास पुस्तके-पुस्तिका लिहिल्या आणि १६३० साली आपले समग्र लेखन मोठ्या आकाराच्या ग्रंथात छापून आणले. नाटकमंडळ्या दक्षिण काठ सोडून उत्तरेकडे जाऊ लागल्या, तेव्हा नावाड्यांच्या वतीने तो राजदरबारी अर्ज घेऊन गेला होता. विंडसरपासून ग्रेव्हझेंडपर्यंत वल्ह्यांच्या जोरावर पोट भरणाऱ्यांची आणि त्यांच्या आश्रितांची संख्या चाळीस हजारांच्या खाली नाही, असा त्याचा दावा होता. अर्जदाराचा हा आकडा थोडा फुगवलेलाही असेल. पण त्यावरून धंद्याचा विस्तार कळतो. भाड्याच्या घोडागाड्यांवर टेलरचा विशेष राग होता आणि जग कसे चाकांवर पळू लागले आहे याचा उपहास करणारी पुस्तिका त्याने १६२३ साली लिहिली.

हा संदर्भ मनात ठेवून १६८४च्या चित्रांकडे पुन्हा पाहावे. वेस्टमिन्स्टरपासून टेम्पलपर्यंत भाड्याच्या घोडागाड्या प्रत्यक्ष नदीवरून धावत आहेत. ज्या प्रतिस्पर्ध्याने रस्त्यावर गिऱ्हाईक पळवले, तो आता नावाड्याच्या पाण्यावरच चालून आला आहे. नावाड्याने काय केले? त्याने नावेचे शीड काढले, वल्ही तिकाटण्यासारखी उभी केली, वर घोंगड्या टाकल्या आणि पाल उभारले. त्या काळच्या पत्रकांत या जत्रेला 'घोंगड्यांची जत्रा' अशा अर्थाचे नाव आढळते, ते याच पालांवरून. काहींनी नावांना खाली चाके लावली, शीड उभारले आणि बर्फावर नावेत बसण्याची मौज गिऱ्हाइकाला विकली. चित्रात विनोदी दिसणाऱ्या या चाकांच्या नावा म्हणजे धंदा बुडालेल्या माणसाने आपले एकमेव अवजार नव्या कामाला लावण्याची केलेली खटपट होती.

१८१४पर्यंत ही खटपट पक्की रीत बनलेली होती. काठाजवळचा बर्फ नावाडी स्वतःच फोडून ठेवीत, त्या फटीवर फळ्या टाकीत आणि बर्फावर उतरणाऱ्याकडून दोन-तीन पेन्स घेत. परत येतानाही पैसे द्यावे लागत. कोणाकोणाला या उतराईतून दिवसाला सहा पौंड मिळाल्याचे तत्कालीन वृत्तान्त सांगतात. यात लबाडी होती हे उघड आहे. परंतु नदीवर उतरणाऱ्याने नावाड्याला काही दिले पाहिजे, हा शतकानुशतकांचा हक्क त्यांनी गोठलेल्या नदीवरही चालू ठेवला, असेही त्याकडे पाहता येते.

प्रत्येकाला पाल टाकता येत नव्हते. अठराव्या शतकातल्या हिमकाळात नावाडी आणि कोळी आपली एक नाव सुतकी काळ्या वस्त्राने झाकून, ती रस्त्यांतून मिरवत मदत मागत फिरले. सुतार आणि गवंडी यांनीही आपली हत्यारे तशीच झाकून मिरवली. नदीवर जत्रा आणि रस्त्यावर नावेची प्रेतयात्रा, ही दोन्ही दृश्ये एकाच ऋतूतली आहेत. १७४०ची तीच थंडी आयर्लंडमध्ये जमिनीतले बटाटे नासवून गेली आणि पुढच्या वर्षीपर्यंत तिथे भयानक दुष्काळ पडला. त्या दुष्काळाला अशी रंगीत चित्रे नाहीत.

* * *

हिमजत्रेची चित्रे इतकी का उरली, याचेही कारण जत्रेतच आहे. बर्फावर छापखाना होता.

१६८४च्या जत्रेत मुद्रकांनी आपली छापयंत्रे नदीवर नेली. गिऱ्हाइकाचे नाव, दिनांक आणि 'थेम्स नदीवर छापले' अशा आशयाची ओळ एवढ्यासाठी सहा पेन्स. एव्हलिन सांगतो की, या एका ओळीच्या छपाईवर मुद्रक दिवसाला पाच पौंड मिळवतो असा अंदाज होता, शिवाय गाण्यांच्या पत्रकांची विक्री वेगळी. त्या काळी पौंडात दोनशे चाळीस पेन्स असत. म्हणजे दिवसाला दोनशे माणसे आपले नाव छापून घ्यायला रांगेत उभी राहत होती. या माणसांतल्या बहुतेकांचे नाव याआधी कधी छापले गेले नसेल. खिळे जुळवून आपले नाव कागदावर उमटताना पाहणे आणि तो कागद घडी घालून घरी नेणे, यात एक निराळाच आनंद असणार. नदी वितळणार होती; 'मी इथे होतो' हे सांगणारा कागद टिकणार होता. वितळणाऱ्या गोष्टीचा पुरावा म्हणून मुद्रणाचा असा वापर इतक्या उघडपणे क्वचितच दिसतो.

राजाही या मोहातून सुटला नाही. ३१ जानेवारी १६८४ या दिनांकाचे, मुद्रक जॉर्ज क्रूम याचे एक पत्रक प्रसिद्ध आहे. त्यावर पहिले नाव राजा चार्ल्सचे आणि त्याबरोबर राणी कॅथरीनचे. ज्यांच्या विवाहात मुंबई बेट पोर्तुगिजांकडून आंदण म्हणून इंग्रजांकडे आले, तीच ही दोघे. पुढे राजाचा भाऊ जेम्स व त्याची पत्नी मेरी, पुतणी ॲन आणि तिचा पती जॉर्ज यांची नावे आहेत. सर्वांत शेवटी 'तळघरातला हान्स' अशा अर्थाचे एक डच धाटणीचे थट्टेचे नाव आहे. ॲन तेव्हा गरोदर होती आणि हे नाव तिच्या पोटातल्या बाळाचे. तो विनोद छापला गेला तेव्हा सारे हसले असतील. मे महिन्यात ॲनला मृत मुलगी झाली. त्या मुलीची कागदावरची खूण म्हणजे बर्फावर छापलेली ही एक थट्टा.

१७४०च्या जत्रेत चित्रकार विल्यम होगार्थ याने आपल्या ट्रम्प नावाच्या कुत्र्याच्या नावाने असे पत्रक छापून घेतले आणि या साऱ्या हौसेचीच टर उडवली. १८१४मध्ये तर छापयंत्रांची संख्या बरीच वाढली होती. एका पत्रकात वितळणीने थंडीला थेम्स रिकामी करण्याची, भाडेकरूला देतात तशी नोटीस बजावली आहे. थंडीने ती नोटीस मानलीही; पाचएक दिवसांत जत्रा आटोपली आणि फुटलेल्या बर्फाबरोबर काही माणसेही वाहून गेली. 'फ्रॉस्टियाना' हे थेम्सच्या गोठण्याचा इतिहास सांगणारे छोटेखानी पुस्तक त्याच वर्षी निघाले आणि त्याचे मुखपृष्ठ बर्फावर छापले असल्याची जाहिरात त्यातच आहे. त्याच जत्रेत 'लॅपलँडचे मटण' या भारदस्त नावाने एक मेंढी भाजली जात होती. भाजताना पाहायचे सहा पेन्स, खायचा तुकडा एक शिलिंग.

म्हणजे हिमजत्रेचे जे दस्तऐवज आपल्यापर्यंत आले, त्यांतले बहुतेक जत्रेत विकण्यासाठी तयार झालेले आहेत. ते आठवण म्हणून विकले जात होते. आठवण विकत घेणाऱ्याला मौज हवी असते, महागलेल्या सरपणाचा दर नको असतो. या कागदांचे साक्षीमूल्य ठरवताना हे त्यांचे प्रयोजन नजरेआड करून चालणार नाही. आपल्याकडच्या पोवाड्याबद्दल जो प्रश्न आपण विचारतो, की हा कोणासमोर गायला जात होता आणि बिदागी कोण देत होते, तोच प्रश्न या पत्रकांनाही विचारावा लागतो.

* * *

आता साहित्याकडे येऊ. १६०८ साली प्रसिद्ध झालेली 'द ग्रेट फ्रॉस्ट' ही पुस्तिका टॉमस डेकर याची मानली जाते. एक नागरिक आणि एक खेडूत यांच्या संवादाचे रूप तिला आहे. शहरी माणूस नदीवरच्या नवलाईचे वर्णन करतो. पण संवादामुळे लेखकाला दुसरी बाजूही मांडता येते आणि नदीवर पोट असलेल्यांचे हाल व गरिबांची दैना तिच्यात येतात. हिमजत्रेवरच्या लेखनात हा समतोल पुढे फारसा सापडत नाही.

जॉन गे याचे 'ट्रिव्हिया' हे लंडनच्या रस्त्यांवरून चालण्याच्या कलेवरचे दीर्घ विनोदी काव्य १७१६च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. त्याच हिवाळ्यात थेम्सवर जत्रा भरली होती. त्यात डॉल नावाची एक सफरचंदवाली आहे. बर्फावर ओरडत फळे विकताना तिच्या पायाखालचा थर फुटतो, तिचे मुंडके धडावेगळे होते आणि बर्फावरून घरंगळतानाही त्याच्या तोंडून फळे विकण्याची आरोळी उमटत राहते. ऑर्फियसच्या छिन्न मस्तकाने नदीतून वाहत जाताना प्रियेला हाक मारली, या अभिजात कथेचे हे विडंबन आहे. कवीची कारागिरी निर्विवाद आहे. पण जिच्या मरणावर आपण हसतो ती बाई मौजेसाठी बर्फावर आलेली नव्हती. गोठलेल्या शहरात चार पैसे मिळवण्याची जागा म्हणून ती तिथे आली होती, आणि महाकाव्याची भव्य शैली तिच्या क्षुद्र धंद्याला लावण्यातच तो विनोद आहे.

दोन शतकांनंतर व्हर्जिनिया वुल्फच्या 'ऑर्लँडो' (१९२८) या कादंबरीत पुन्हा एक सफरचंदवाली येते. राजा पहिला जेम्स याच्या काळातली ती प्रख्यात थंडी. पक्षी हवेतच गोठून दगडासारखे पडतात. नदीच्या स्वच्छ बर्फाखाली, तळाशी, बुडालेल्या नावेत फळे विकणारी म्हातारी बसलेली दिसते. तिच्या ओटीत सफरचंदे आहेत आणि ती जणू आत्ता गिऱ्हाइकाला देणार आहे. ओठांच्या निळेपणावरूनच काय ते ओळखायचे. राजाला हे दृश्य विशेष आवडते आणि दरबाऱ्यांना घेऊन तो ते पाहायला येतो.

वरवर पाहता हा त्याच विनोदाचा पुढचा अवतार वाटेल. पण वुल्फने केलेला एक बदल महत्त्वाचा आहे. गेच्या काव्यात सफरचंदवालीकडे फक्त वाचक पाहतो. वुल्फच्या कादंबरीत तिच्याकडे पाहणारा राजाही चित्रात आहे. देशभर उपासमार आणि व्यापार ठप्प असताना लंडनमध्ये मात्र झगमगता उत्सव चालला आहे, हे निवेदिका आधीच सांगून ठेवते. त्यामुळे बर्फाखालची म्हातारी केवळ अद्भुत प्रतिमा राहत नाही. ती पाहायला जमलेल्यांची हौसही आपल्याला दिसते. शेवटी बर्फ फुटतो आणि हिमखंडांवर अडकलेले लोक किंचाळत समुद्राकडे वाहत जातात, तेव्हा वर आणि खाली असलेल्यांतले अंतर मिटते. या प्रकरणाचे अध्यापन बहुधा ऑर्लँडो आणि रशियन राजकन्या साशा यांच्या प्रेमाभोवती फिरते. त्यात गैर काही नाही. मात्र त्या प्रेमकथेच्या पायाखालची पारदर्शक जमीन कोणाच्या देहावर पसरली आहे, हे वुल्फने लिहून ठेवले आहे आणि ते वाचणे हा पाठाचाच भाग आहे.

टेलरने १६२१च्या थंडीवर लिहिले होते. परंतु १६८४, १७४० किंवा १८१४ साली ज्यांनी पालं टाकली, नावांना चाके लावली, काठाचा बर्फ फोडला, त्यांच्यातल्या कोणा नावाड्याने स्वतःच्या हिमजत्रेची कहाणी त्या ताकदीने सांगितल्याचे दिसत नाही. त्यांच्याबद्दल आपल्याला जे कळते ते गिऱ्हाइकांच्या आणि मुद्रकांच्या कागदांतून, बहुतेक वेळा तक्रारीच्या किंवा थट्टेच्या सुरात.

आज लंडनमध्ये सदर्क पुलाखालच्या पादचारी मार्गात हिमजत्रेची दृश्ये कोरलेल्या करड्या पाटीदगडाच्या शिळा आहेत. येणारेजाणारे क्षणभर थांबतात, छायाचित्र घेतात. शेजारी नदी पूर्वीपेक्षा वेगाने वाहते आहे. वल्ह्यांच्या नावांचा तो धंदा पुलांनी आणि नंतर वाफेच्या बोटींनी संपवला. शिळेवरचे चित्र असो की अभ्यासक्रमातले 'ऑर्लँडो', वर्गात ते समोर ठेवताना विद्यार्थ्यांना दोन साधे प्रश्न विचारायला लावावेत. या चित्रात जे खेळताना दिसत नाहीत ते काय करीत आहेत? आणि बर्फ नसता तर ते त्या दिवशी कुठे असते? चित्रातले तंबू वल्ह्यांवर उभे आहेत हे बहुतेक विद्यार्थ्यांना दुसऱ्या प्रश्नानंतरच दिसेल.